संमतीपत्रावरचा अंगठा

दिल्लीतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात माझ्या मावशीला औषधचाचणीत भाग घेणार का, असं विचारलं गेलं. संमतीपत्राच्या शेवटच्या पानावर दोन ओळी होत्या: ‘सही किंवा अंगठ्याचा ठसा’ आणि त्याखाली ‘निष्पक्ष साक्षीदार’. मावशीनं सही केली. मी मात्र त्या अंगठ्यापाशीच अडकलो. संशोधनाच्या नीतिनियमांचा इतिहास न्यूरेम्बर्गची संहिता (१९४७) आणि हेलसिंकीचा जाहीरनामा (१९६४) इथून सांगतात. ते बरोबरच आहे. पण न्यूरेम्बर्गच्या संहितेत अंगठा नाही. मग तो आला कुठून?

आला बंगालमधून, रस्त्याच्या कामाच्या एका करारातून. २८ जुलै १८५८ रोजी जंगीपूर इथं विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्यानं राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या तळहाताला शाई फासून करारावर पंजा उमटवून घेतला. उद्देश एकच: सही माझी नव्हे, असं म्हणायची कोनाईची छातीच होऊ नये. पुढं हुगळीला असताना हर्शेलनं निवृत्तिवेतनाच्या कागदांवर, दस्तांवर आणि तुरुंगातही बोटांचे ठसे सुरू केले. म्हणजे अंगठ्याचं मूळ अविश्वासात आहे, आणि तो अविश्वास खाली उमटवणाऱ्याबद्दलचा आहे. हे कळल्यापासून ते संमतीपत्र मला पूर्वीसारखं वाचता येत नाही.

श्रेय हर्शेलचंच का, यावर वाद जुना आहे. १८८० साली जपानमधून हेन्री फॉल्ड्सनं ‘नेचर’मध्ये पत्र लिहून ठशांचा मुद्दा मांडला आणि दोघांचं भांडण जुंपलं. ते भांडण मला गौण वाटतं. बंगालीत ‘टिपसही’ हा शब्द आहे, आणि ही रीत हर्शेलनं तिथल्या लोकांकडूनच उचलली असावी, असं मानणारेही आहेत. मी त्यांच्या बाजूचा आहे. माझा पुरावा मात्र बंगाली नाही, मराठी आहे.

आपल्याकडे म्हणतात ‘निशाणी डावा अंगठा’. नुसतं ‘डावा अंगठा’ का नाही? कारण निशाणी हा शब्द अंगठ्याहून वयानं थोर आहे. फारसीतून आलेला हा शब्द मराठेशाहीच्या महजरांवर, म्हणजे गावसभेच्या निवाडापत्रांवर, जागोजाग भेटतो. गावच्या पाटलाची निशाणी नांगर, पेठेच्या शेट्याची तराजू. ज्याला लिहिता येत नव्हतं त्यानं आपल्या कामाचं चिन्ह काढायचं, आणि शेजारी गोतानं, म्हणजे जमलेल्या गावकऱ्यांनी, साक्ष घालायची. नांगर काढणारा ‘मी अमुक’ असं सांगत होता. त्याला पकडण्यासाठी ते चिन्ह नव्हतं. माझा तर्क असा, की इंग्रजी कचेरीनं नांगर पुसून तिथं अंगठा ठेवला आणि जुनं नाव तसंच राहू दिलं. डावाच का? उजव्या हाताच्या रेघा खुरप्यानं, कुऱ्हाडीनं झिजतात. याहून साधं कारण मला दिसत नाही.

आता पुन्हा दिल्ली आणि संमतीचा प्रश्न. १९७६ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या इथल्या संस्थेनं गर्भाशयमुखावर कर्करोगपूर्व बदल आढळलेल्या स्त्रियांचं निरीक्षण सुरू केलं. १९८८ पर्यंत चाललेल्या या अभ्यासात १,१०० हून अधिक स्त्रिया होत्या. बदल कसा वाढतो हे पाहायचं असल्यानं उपचार रोखून धरले गेले, आणि काहींना कर्करोग झाला. १९९७ मध्ये याचा बोभाटा झाला, तेव्हा संमती तोंडी घेतली होती, असं सांगण्यात आलं. त्या बायकांच्या वाट्याला अंगठाही आला नाही.

त्याच १९७६ च्या एप्रिलमध्ये, याच शहरात, सर्वोच्च न्यायालयातल्या एडीएम जबलपूर खटल्यात पाच न्यायमूर्तींपैकी एकट्या हंसराज खन्नांनी आणीबाणीतही माणसाचं जीवित आणि स्वातंत्र्य कायद्याविना हिरावता येत नाही, असं भिन्नमत नोंदवलं. आणि मानवी संशोधनाबाबत परिषदेनं १९८० मध्ये पहिलं नीतिविषयक निवेदन काढलं, ते तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्ष तेच खन्ना. हा योगायोग आहे, असं मला पटत नाही. एकट्यानं ‘नाही’ म्हणण्याची किंमत ठाऊक असलेला माणूस तिथं बसला होता. दिल्लीतला तो अभ्यास त्यानंतरही आठ वर्षं चालू राहिला, ही गोष्ट मला फार लागते.

निष्पक्ष साक्षीदार १९९६ च्या आंतरराष्ट्रीय चाचणी-नियमावलीतून आला, असं जाणकार सांगतील. शब्दरचना तिथलीच आहे, मान्य. पण वाचता न येणाऱ्याजवळ, संशोधकाच्या पंखाखाली नसलेलं, बोलणं सुरू झाल्यापासून संपेपर्यंत हजर राहणारं माणूस हवं, ही मागणी मला महजरावरच्या गोताची सख्खी नातेवाईक वाटते. २०१९ च्या नियमांनुसार नीतिसमितीत किमान सात सदस्य लागतात, त्यांत एक स्त्री, एक कायदेतज्ज्ञ आणि एक सामान्य नागरिक असावाच लागतो. हा सामान्य नागरिक संमतीपत्र रुग्णाच्या डोळ्यांनी वाचतो. हर्शेलच्या कागदाला असा वाचक कधीच नव्हता.

अंगठ्यापुढचा टप्पा कॅमेऱ्याचा. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं संमतीचं ध्वनिचित्रमुद्रण करायला सांगितलं. आता नव्या औषधी रेणूच्या चाचणीत दुर्बल गटातली व्यक्ती असेल, तर माहिती सांगितल्याचं आणि तिला ती समजल्याचंही मुद्रण करावं लागतं. एचआयव्ही आणि कुष्ठरोगावरच्या औषधांपुरता अपवाद आहे: तिथं चेहरा टिपायचा नाही, फक्त आवाज. कुष्ठरोगात बोटं गमावलेल्या माणसाची निशाणी त्याचा आवाज.