दूध-पोळीवरची मनी



गेल्या पर्युषणात प्रतिक्रमण चालू असताना पहिल्या अणुव्रताच्या अतिचारांपाशी मी अडखळले. जिवाला बांधून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, झेपणार नाही एवढा भार लादणे आणि अन्नपाणी तोडणे, हे ते पाच दोष. लहानपणापासून म्हणत आलेय. पाचवा दोष आपल्या घरचा नाही असेच वाटायचे. त्या दिवशी मात्र मला आमची मनी आठवली.

मनी मूळची सासऱ्यांच्या मोंढ्यातल्या आडत दुकानातली. ज्वारी-तुरीची पोती असली की उंदीर आले आणि उंदीर आले की मांजर आलीच. दुकान बंद झाले तेव्हा ती घरी आली. घरी आम्ही तिला दाराबाहेर जाऊ द्यायचो नाही, कारण बाहेर गेली की जीव मारणार. दूध-पोळी, दूध-भात, कधी तूप. दिसायला गुबगुबीत होती. चार वर्षांनी ती उंबरठ्याला धडकू लागली. भर उन्हातही तिच्या बाहुल्या मोठ्याच राहायच्या. जनावरांच्या डॉक्टरांनी डोळे तपासले आणि पहिला प्रश्न विचारला, "हिला खायला काय देता?" मी मोठ्या अभिमानाने सांगितले. ते म्हणाले, "ताई, डोळ्याचा मागचा पडदा गेलाय. तो आता परत येणार नाही."

तेव्हापासून मी या विषयाचा मागोवा घेत आले. आपले आणि मांजराचे नाते आजचे नाही, आणि ते सरळही नाही.

श्रावकाने टाळायच्या पंधरा कर्मादानांत शेवटचे आहे असतीपोषण. उपासकदशांग सूत्रात भगवान महावीरांनी आनंद श्रावकाला जी मर्यादा सांगितली, तिच्यात ते येते. बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी योगशास्त्रात त्याचा अर्थ सांगताना कुत्र्याबरोबर मांजराचेही नाव घेतले. म्हणूनच आपल्या आज्या "मांजर पाळू नये" म्हणायच्या. पण कर्मादान म्हणजे पोटापाण्यासाठी केलेला पापाचा धंदा. दारात आलेल्या जखमी पिल्लाला हाकलून द्या, असे त्यात कुठेच नाही.

जीवदयेचा आपला जाहीर इतिहासही पाहा. १८३२ मध्ये मुंबईत सरकारने भटकी कुत्री मारण्याची मोहीम काढली तेव्हा पारशी रस्त्यावर उतरले, त्यांच्या मागोमाग जैन आणि हिंदूही. त्यानंतर १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई आणि आपले मोतीशा शेठ यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. पुढे १८८० च्या दशकात परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाने जनावरांचे इस्पितळ आले आणि १८८६ मध्ये तिथेच पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. म्हणजे आसरा आधी आला आणि औषध पन्नास वर्षांनी. आपल्या जालन्यातही गुरु गणेश तपोधामची गोशाळा आपण सगळ्या जणी जाणतो. गाईसाठी आपल्याकडे व्यवस्था आहे, चारा आहे, दान आहे. मांजर मात्र आपल्या दयेच्या चौकटीत कधी नीट बसलीच नाही, कारण तिचा आहार आपल्याला सोसत नाही.

तरी याच मुलखात एकदा मांजरीचे फार कौतुक झाले होते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि तिथून गावोगाव पसरला. उंदीर आणि त्यांच्या अंगावरच्या पिसवा हे कारण हळूहळू समजत गेले. आपल्या शेजारच्या वऱ्हाड-नागपूर भागात काम करणारे अँड्र्यू बुकॅनन नावाचे सरकारी डॉक्टर होते. ज्या घरांत मांजरी आहेत तिथे प्लेग कमी दिसतो, हे त्यांच्या लक्षात आले. १९०८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांनी तसा लेख लिहून लोकांना मांजरी पाळायला सांगितले. पुढे कळले की मांजरीलाही प्लेग होतो आणि तिच्यापासून माणसाला होऊ शकतो. माणूस वाचावा म्हणून मांजर पाळा म्हणणारे होते, पण मांजर आजारी पडते का, हे कोण विचारणार?

ते विचारायला बराच काळ गेला. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवले की टॉरिन नावाचा घटक आहारात नसला की मांजरीच्या डोळ्याचा पडदा झिजतो. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातले पॉल पायन आणि त्यांचे सहकारी यांनी सिद्ध केले की त्याच कमतरतेने तिचे हृदयही फुगून कमजोर होते. माणसाचे शरीर टॉरिन बनवते, कुत्र्याचेही बहुधा बनवते. मांजरीचे पुरेसे बनवत नाही, तिला ते खाण्यातूनच मिळावे लागते. मांस-मासळीत ते असते, दुधात अगदी थोडे, पोळी-भातात नाहीच. आम्ही मनीला घरात ठेवून उंदीर वाचवले, पण तिला लागणारी गोष्ट तिच्या ताटातून काढून घेतली. पोट भरत होते आणि अन्न तुटले होते.

मनी गेल्यावर दोन वर्षांनी अंगणात एक पिल्लू आले. या वेळी आम्ही आधी घरात बसून बोललो. सासूबाई म्हणाल्या, "जे तिच्या शरीराला लागते ते देता येत नसेल तर ठेवू नका. एखाद्या चांगल्या घरी द्या." मला ते पटले. शेवटी ठरले की तिचे ताट, डबा सगळे मागच्या पडवीत, स्वयंपाकघरापासून वेगळे, आणि खाणे डॉक्टर सांगतील तेच तयार खाद्य. टॉरिन कारखान्यातही तयार करता येते, म्हणून काही कंपन्या ते घालून शाकाहारी खाद्यही बनवतात. पण ते डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय सुरू करू नये. ज्यांना यातले काहीच नको त्यांनी मांजर न पाळणे हीसुद्धा दयाच आहे.

ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांच्यासाठी मी शिकलेले सांगते. मांजर दुखणे लपवते. कोपऱ्यात जाऊन बसली, अंग चाटायचे सोडले, दिवसभर खाल्ले नाही, तर उपास करतेय म्हणून कौतुक करू नका, दाखवून आणा. बोका वारंवार लघवीला बसतो आणि थेंबही येत नाही, तर सकाळची वाट पाहू नका; एक-दोन दिवसांत जीव जातो. तोंड उघडून धापा टाकत असेल तर तेही तातडीचे. पिल्लाला उलट्या, जुलाब आणि एकदम गळून जाणे हे पॅनल्यूकोपेनियाचे लक्षण असू शकते. त्याचा विषाणू घरात वर्षभरही टिकतो, म्हणून आठ आठवड्यांच्या आसपास पहिली लस आणि पुढचे डोस चुकवू नका. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर.

घरातले औषध मनाने देऊ नका. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीही मांजरीचा जीव घेऊ शकते. कुत्र्याच्या गोचिडांचे औषध तिला लावू नका. कपाटातल्या डांबरगोळ्या दूर ठेवा. कांदा-लसूण तिच्या रक्तपेशी फोडतात. इथे आपले स्वयंपाकघर आपोआप सुरक्षित आहे, याचे मला हसू येते. सुनेला दिवस गेले असतील तर मांजरीची माती दुसऱ्या कुणीतरी रोज साफ करावी. टोक्सोप्लाझ्माचा जंतू मांजरीच्या विष्ठेतून येतो, पण तो लागण्याजोगा व्हायला एक दिवस तरी लागतो. ओरखडा किंवा चावा झाला तर साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. हळद भरून बसू नका.

मनीने शेवटची दीड वर्षे आवाजावर आणि वासावर काढली. माझ्या पावलांचा आवाज आला की ती मान वर करायची. मी तिला कधी मारले नाही, बांधले नाही, ओझे लादले नाही. तरी यंदा क्षमापनेला नातेवाइकांना मिच्छामि दुक्कडम् म्हणण्याआधी मी मागच्या पडवीत गेले आणि मनी बसायची त्या रिकाम्या जागेला हात जोडले.