डिक केर कारखान्याचा स्त्रीसंघ

स्त्रियांच्या फुटबॉलचा इतिहास सांगणाऱ्या दूरचित्रवाणी-मालिकांत प्रेस्टनच्या डिक केर संघाचे प्रकरण हटकून येते, आणि ते येणे साहजिकही आहे. कारण काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे सदरे आणि तशाच पट्ट्यांच्या टोप्या घालून धावणाऱ्या या मुलींच्या मूक चित्रफिती अजून शाबूत आहेत, आणि जिथे चित्र उपलब्ध असते तिथे मालिकाकारांची पावले आपोआप वळतात. या मालिकांतील निवेदनाचा सूर मात्र बहुधा ठरलेला असतो: महायुद्ध आले, पुरुष आघाडीवर गेले, स्त्रिया मैदानात उतरल्या, आणि युद्ध संपताच त्यांना पुन्हा घरी धाडण्यात आले. ही हकीकत ऐकायला सुटसुटीत असली, तरी कालक्रमाशी तिचा मेळ बसत नाही. युद्ध 1918 च्या नोव्हेंबरात थांबले, आणि स्त्रियांच्या सामन्यांना सर्वांत मोठी गर्दी लोटली ती त्यानंतर दोन वर्षांनी.

लँकेशायरमधील प्रेस्टन येथे डिक, केर आणि कंपनीचा ट्राम व रेल्वेची सामग्री बनवणारा कारखाना होता. युद्धकाळात तिथे तोफगोळे होऊ लागले आणि पुरुषांच्या जागी स्त्रिया कामावर आल्या. मधल्या सुट्टीत कारखान्याच्या आवारात चेंडू लाथाडण्याचा त्यांचा परिपाठ होता. त्यातूनच कचेरीतील आल्फ्रेड फ्रँकलंड या गृहस्थांच्या पुढाकाराने संघ उभा राहिला, आणि 1917 च्या नाताळच्या दिवशी डीपडेल मैदानावर, जखमी सैनिकांच्या रुग्णालयाच्या मदतीसाठी, त्याने एका दुसऱ्या कारखान्याच्या संघाला 4-0 असे हरवले, तेव्हा प्रेक्षक होते सुमारे 10,000.

1920 च्या डिसेंबरातील दोन सामने सविस्तर सांगण्याजोगे आहेत. पहिला डीपडेलवरच, पण रात्री झाला. बेकार झालेल्या माजी सैनिकांसाठी निधी जमवायचा होता, आणि मैदानावर दिवे नव्हते. तेव्हा युद्धखात्याचे मंत्री विन्स्टन चर्चिल यांच्या परवानगीने लष्कराचे दोन शोधदीप आणवण्यात आले, अंधारात दिसावा म्हणून चेंडूला पांढरा रंग फासण्यात आला, आणि त्या फिरत्या झोतांत हजारो लोकांनी मुलींचा खेळ पाहिला. दुसरा सामना 26 डिसेंबरला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर, सेंट हेलेन्सच्या संघाशी. आत 53,000 प्रेक्षक, आणि बाहेर ताटकळून परत गेलेले आणखी कित्येक हजार. हुकमी गोल करणारी फ्लोरी रेडफर्ड आगगाडी चुकल्यामुळे पोचलीच नाही. तेव्हा एरवी बचावफळीत खेळणारी कर्णधार अ‍ॅलिस केल उत्तरार्धात पुढे आली आणि तिने एकटीने तीन गोल केले. धर्मादाय कार्यासाठी जमलेली रक्कम 3,000 पौंडांच्या वर गेली.

इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने 5 डिसेंबर 1921 रोजी केलेला ठराव या पार्श्वभूमीवर वाचावा. त्याचे पहिले कलम सर्वत्र उद्धृत होते: हा खेळ स्त्रियांना सर्वथैव अयोग्य असून त्यास उत्तेजन देऊ नये. परंतु त्यापुढचा मजकूर मालिकांत क्वचितच येतो, आणि माझ्या मते खरी मेख तिथे आहे. कारण तो मजकूर शरीरप्रकृतीविषयी नसून जमाखर्चाविषयी आहे. वसूल झालेला पैसा धर्मादायाखेरीज इतर कामी लागतो, खर्चाच्या नावाखाली त्यातला वाजवीपेक्षा अधिक हिस्सा जिरतो, अशा तक्रारी नमूद करून असोसिएशनने आपल्या संलग्न क्लबांना विनंती केली, की अशा सामन्यांना मैदाने देऊ नयेत. बुडालेल्या मजुरीपोटी खेळाडूंना 10 शिलिंग मिळत. एवढ्या भत्त्यावर गहजब करणाऱ्या मंडळींच्या स्वतःच्या क्लबांत पुरुष खेळाडू राजरोस पगार घेत होते, हे विसरता येत नाही. त्याच वर्षी कोळसाखाणींतील टाळेबंदीत खाणकामगारांच्या कुटुंबांसाठीही स्त्रियांनी सामने खेळले होते, आणि हे वरिष्ठ वर्गास रुचले नसावे, असे काही अभ्यासक मानतात. मला त्याहून साधे कारण पुरेसे वाटते: एवढी गर्दी आणि एवढा गल्ला असोसिएशनच्या अंमलाबाहेर राहत होता. युद्धात तोफगोळे भरणाऱ्या स्त्रियांच्या नाजूकपणाची आठवण अधिकाऱ्यांना गुडिसन पार्कनंतर वर्षभरात व्हावी, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे.

खेळू नका, असे कोणी म्हटले नव्हते. फक्त मैदानांचे दरवाजे बंद झाले. मग सार्वजनिक बागा आणि रग्बीची मैदाने उरली. 1922 साली संघ अटलांटिक ओलांडून गेला, तर कॅनडातही मनाई. तेव्हा अमेरिकेत पुरुषांच्या संघांशी सामने खेळून तो परतला. पुढे कारखान्याशी फ्रँकलंडचे बिनसले आणि 1926 पासून संघाला ‘प्रेस्टन लेडीज’ हे नाव मिळाले. डाव्या बगलेवरून खेळणारी लिली पार, जिच्या फटक्याने गोलरक्षकाचा हात मोडल्याची आख्यायिका मालिकाकारांना फार प्रिय आहे, ती रुग्णालयात परिचारिकेची नोकरी करीत 1951 पर्यंत खेळत राहिली. 1965 साली खेळाडूंअभावी संघ बरखास्त झाला, आणि 1971 साली, म्हणजे त्यानंतर अवघ्या सहा वर्षांनी, बंदी उठली. असोसिएशनने रीतसर दिलगिरी व्यक्त केली ती 2008 मध्ये. तोवर लिली पारला जाऊन तीस वर्षे झाली होती.