कॉकक्रॉफ्टची गाळणी आणि विंडस्केलची आग

 

लीड्सहून ब्रॅडफर्ड, हॅलिफॅक्स, हेब्डन ब्रिज करत मँचेस्टरला जाणारी गाडी टॉडमॉर्डन नावाच्या एका लहानशा गावी थांबते. आपल्यापैकी बरेच जण त्या स्टेशनवरून कितीदा तरी गेले असतील. दगडी घरं, जुन्या कापड गिरण्या, आजूबाजूला हिरवे डोंगर. याच गावात 27 मे 1897 रोजी जॉन कॉकक्रॉफ्ट यांचा जन्म झाला. घरचा धंदा सुती कापडाचा. शाळा गावातलीच. पुढे केंब्रिजला 1932 साली त्यांनी अर्नेस्ट वॉल्टन यांच्याबरोबर कृत्रिमरीत्या वेगवान केलेल्या कणांनी अणूचं केंद्रक फोडलं आणि त्यासाठी दोघांना 1951 चं नोबेल मिळालं. पण आज आपण त्यांच्याविषयी बोलणार आहोत ते नोबेलसाठी नाही. त्यांनी एका गोष्टीचा हट्ट धरला आणि त्यासाठी लोकांचं हसू सोसलं, त्याविषयी बोलणार आहोत.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला स्वतःचा अणुबॉम्ब हवा होता. अमेरिकेने 1946 च्या मॅकमहॉन कायद्याने अणुविषयक माहिती देणं बंद केलं होतं. मग घाईघाईने कंब्रियाच्या किनाऱ्यावर, विंडस्केल इथे, प्लुटोनियम बनवण्यासाठी दोन अणुभट्ट्या उभ्या राहिल्या. पहिली 1950 मध्ये सुरू झाली, दुसरी 1951 मध्ये. आज त्या जागेला आपण सेलाफील्ड म्हणतो. लेक डिस्ट्रिक्टला सुट्टीत जाणाऱ्यांना ती फार लांब नाही.

या भट्ट्यांची रचना समजून घेऊ. ग्रॅफाइटचा प्रचंड ठोकळा, त्यात आडवी भोकं, भोकांत ॲल्युमिनियमच्या नळकांड्यांत बसवलेलं युरेनियम. थंड करायला पाणी नाही, तर मोठमोठ्या पंख्यांनी आत फुंकलेली साधी हवा. ती हवा भट्टीतून जाऊन सुमारे 400 फूट उंच धुराड्यातून थेट बाहेर. म्हणजे आत एखादं नळकांडं फुटलं तर त्यातलं जे काही असेल ते वाऱ्यावर.

हे कॉकक्रॉफ्ट यांच्या मनाला पटेना. तोवर धुराड्यांचं बांधकाम बरंच पुढे गेलं होतं. गाळणी बसवायची तर ती खाली, सोयीच्या जागी बसवायची वेळ टळून गेली होती. तरी ते मागे हटले नाहीत. शेवटी ती गाळणीघरं धुराड्यांच्या माथ्यावर चढवावी लागली. खर्च वाढला, वेळ गेला, इंजिनिअर वैतागले. माथ्यावर फुगीर डोकं असलेल्या त्या धुराड्यांना लोक थट्टेने ‘कॉकक्रॉफ्टचा खुळेपणा’ म्हणू लागले.

सात वर्षांनी ती थट्टा थांबली.

ग्रॅफाइटवर न्यूट्रॉनचा मारा होत राहिला की त्यातले कार्बनचे अणू जागेवरून ढळतात आणि ऊर्जा आत साठत जाते. दाबून ठेवलेल्या स्प्रिंगसारखी. ही ऊर्जा अचानक सुटू नये म्हणून भट्टी अधूनमधून मुद्दाम तापवायची आणि ती हळूहळू बाहेर काढायची, अशी पद्धत होती. ऑक्टोबर 1957 मध्ये पहिल्या भट्टीत हेच काम चालू होतं. 7 तारखेला तापवलं. ऊर्जा पुरेशी सुटत नाहीये असं वाटून 8 तारखेला पुन्हा तापवलं. पण तापमान मोजणारी उपकरणं रोजच्या कामाच्या हिशेबाने लावलेली होती. या कामात जिथे सर्वांत जास्त तापणार तिथे ती नव्हतीच. भात करपत असताना झाकणाला हात लावून बघावा तशी गत. शिवाय हे नाजूक काम नेमकं कसं करायचं याची पुरेशी लेखी पुस्तिकाही कर्मचाऱ्यांच्या हाती नव्हती.

10 ऑक्टोबरला धुराड्यात किरणोत्सर्ग वाढल्याचं दिसलं. भट्टीचं एक झाकण काढून आत पाहिलं तर युरेनियमची नळकांडी लालभडक झालेली. थंड करण्यासाठी आत सोडलेली हवा आता चुलीत फुंकणीने फुंकावं तशी आग भडकवत होती. कर्मचाऱ्यांनी बांधकामाच्या परांचीचे लोखंडी दांडे घेऊन नळकांडी ढकलून पाहिली. कार्बन डायऑक्साइड सोडून पाहिला. काही उपयोग झाला नाही. उपव्यवस्थापक टॉम टुओही भट्टीच्या माथ्यावर पुन्हा पुन्हा चढून आत बघत होते. बायकोला त्यांनी निरोप दिला होता, खिडक्या बंद ठेव, मुलांना बाहेर सोडू नकोस. 11 तारखेच्या सकाळी पाणी सोडायचं ठरलं. तापलेल्या धातूवर पाणी पडून स्फोट होण्याची भीती होती, तरी दुसरा मार्ग उरला नव्हता. आग हटली ती पाण्याबरोबर टुओही यांनी हवाही बंद करायला लावली तेव्हा.

माथ्यावरच्या त्या गाळण्यांनी बरेचसे किरणोत्सर्गी कण अडवले. त्या नसत्या तर उत्तर इंग्लंडचं काय झालं असतं, हा विचारही नको वाटतो. पण सगळं काही अडलं नाही. वायुरूपातलं आयोडीन बरंचसं निसटलं, गवतावर बसलं, गवत गायींनी खाल्लं आणि ते दुधात उतरलं. आयोडीन शरीरात गेलं की थायरॉईड ग्रंथीत साठतं. लहान मुलाची ग्रंथी लहान, आणि मुलाच्या पोटात दूध जास्त. म्हणून धोका सर्वांत मोठा होता तो लेकरांना. मुलांच्या दुधात किती आयोडीन चालेल, याची तयार मर्यादा मात्र कुणाकडेच नव्हती. अणुभट्ट्या सात वर्षं चालू होत्या, पण अपघात झालाच तर दुधाचं काय, हा प्रश्न कागदावर सोडवलेला नव्हता. तज्ज्ञांनी तो हिशेब आग विझत असताना बसून केला. आधी मोजक्या शेतांवरचं आणि मग सुमारे 500 चौरस किलोमीटर भागातलं दूध विकायला बंदी आली. दूध नद्यांत आणि समुद्रात ओतलं गेलं. या आयोडीनचा जोर दर आठ दिवसांनी निम्मा होतो, त्यामुळे काही आठवड्यांत बंदी उठली.

इथे थोडं संगीत ऐकू, आणि मग पुढचा भाग. कारण खरी गोष्ट आग विझल्यावर सुरू होते.

चौकशी झाली, आणि झपाट्याने झाली. सर विल्यम पेनी यांच्या समितीने 17 ऑक्टोबरला काम सुरू केलं आणि 26 ऑक्टोबरला अहवाल दिला. अपघाताचं तात्कालिक कारण दुसऱ्यांदा तापवणं, हे त्यात होतं. पण उपकरणं अपुरी, लेखी सूचना अपुऱ्या, जबाबदाऱ्यांची वाटणी धूसर, हेही होतं. पंतप्रधान हॅरोल्ड मॅकमिलन यांनी हा अहवाल जसाच्या तसा छापू दिला नाही. अमेरिकेशी अणुसहकार्य पुन्हा सुरू करण्याची बोलणी चालू होती. आपलं घर नीट नाही हे त्यांना दिसू नये, अशी चिंता होती. नोव्हेंबरमध्ये श्वेतपत्रिका निघाली आणि वाचणाऱ्याच्या मनात ठसलं ते एवढंच, की कर्मचाऱ्यांचा अंदाज चुकला. ज्यांनी जीव धोक्यात घालून आग विझवली त्यांच्याच माथी खापर. पेनी अहवाल लोकांना वाचायला मिळाला तो तीस वर्षांनी, जानेवारी 1988 मध्ये. त्या आगीतून बाहेर पडलेल्या पोलोनियमचा हिशेबसुद्धा 1980 च्या दशकातच उघडपणे मांडला गेला.

तरी एक चांगली गोष्ट घडली. सर अलेक्झांडर फ्लेक यांच्या समित्यांनी पुढची तपासणी केली आणि एक साधं तत्त्व पुढे आलं. भट्टी चालवणाऱ्यानेच ती सुरक्षित आहे असं म्हणून भागणार नाही. तपासणारा वेगळा हवा. 1959 मध्ये अणुकेंद्रांना परवाना सक्तीचा करणारा कायदा झाला आणि 1960 मध्ये सरकारी निरीक्षकांचं खातं उभं राहिलं. गंमत अशी, की विंडस्केल चालवणारं अणुऊर्जा प्राधिकरण स्वतः सुरुवातीला या परवान्यातून मोकळंच होतं.

मग तपासायचं कसं, यावरही विचार झाला. प्राधिकरणातलेच एफ. आर. फार्मर यांनी 1967 मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेत मांडलं, की ‘अपघात होईल की नाही’ असं विचारू नका. प्रत्येक संभाव्य बिघाड किती वेळा होऊ शकतो आणि झाला तर किती नुकसान करील, हे दोन्ही मांडा. मोठं नुकसान करणारा बिघाड तितकाच दुर्मीळ असला पाहिजे. आज ब्रिटनमध्ये प्रत्येक केंद्राला ‘सेफ्टी केस’ नावाचा सविस्तर युक्तिवाद लिहावा लागतो. तो केंद्राबाहेरच्या दृष्टीने पाहणारे स्वतंत्र तज्ज्ञ तपासतात, मग सुरक्षा समिती, आणि वर सरकारी नियामक. त्या नियामकाचं मुख्यालय लिव्हरपूलजवळ बूटल इथे आहे. दर दहा वर्षांनी सगळं नव्याने तपासायचं, कारण यंत्रही म्हातारं होतं.

याचं अलीकडचं उदाहरण स्कॉटलंडमधल्या हंटरस्टनचं. पुन्हा ग्रॅफाइटच. विटांमध्ये तडे सापडले म्हणून 2018 मध्ये तिथली एक भट्टी थांबली. भूकंपातही नियंत्रक दांडे आत जातील का, हे तज्ज्ञांनी तपासलं आणि नियामकाचं समाधान झालं तेव्हा, दोन वर्षांहून अधिक काळाने, ती मर्यादित मुदतीसाठी सुरू झाली. 2022 च्या जानेवारीत ते केंद्र कायमचं बंद झालं. आपल्या लीड्सच्या दोन बाजूंना असलेली हार्टलपूल आणि हेशमची केंद्रं याच घराण्यातली आहेत.

आता जरा घराकडे वळू. कॉकक्रॉफ्ट आणि होमी भाभा केंब्रिजपासूनचे स्नेही. 4 ऑगस्ट 1956 ला तुर्भ्याला ‘अप्सरा’ सुरू झाली ती ब्रिटनने दिलेल्या इंधनावर. 1969 मध्ये तारापूरचं केंद्र वीज देऊ लागलं. पालघर-बोईसरकडची जी मंडळी ऐकत असतील त्यांना ते केंद्र नवं नाही. अणुऊर्जा नियामक मंडळ मात्र आलं 15 नोव्हेंबर 1983 ला. 1990 च्या दशकात अध्यक्ष असलेल्या ए. गोपालकृष्णन यांच्या काळात देशभरातल्या केंद्रांतल्या सुमारे 130 सुरक्षा-त्रुटींची यादी तयार झाली. त्यांच्यानंतर काही वर्षांनी, 2000 ते 2005, मंडळाची धुरा आयआयटी मुंबईचे माजी संचालक सुहास सुखात्मे यांच्याकडे होती. तारापूरच्या जुन्या भट्ट्यांचा सखोल आढावा झाला. दोन भट्ट्यांत सामाईक असलेल्या काही व्यवस्था वेगळ्या कराव्यात, आणीबाणीसाठी नवे मोठे डिझेल जनरेटर बसवावेत, असं ठरलं आणि 2005-06 मध्ये भट्ट्या बंद ठेवून ते काम झालं. याची मोठी बातमी झाली नाही. पण पाच वर्षांनी फुकुशिमात त्सुनामीने तळघरातले जनरेटर बुडवले, तेव्हा ‘जनरेटर कुठे आहेत, किती आहेत’ हा प्रश्न किती मोलाचा, ते जगाला कळलं.

एक दुखणं मात्र भारतातही विंडस्केलसारखंच राहिलं. हे मंडळ अनेक दशकं त्याच अणुऊर्जा आयोगाला उत्तरदायी होतं, ज्याचे अध्यक्ष अणुऊर्जा खात्याचेही प्रमुख असतात. 2012 मध्ये कॅगने आपल्या अहवालात नियामकाच्या स्वातंत्र्याच्या या प्रश्नावर नेमकं बोट ठेवलं.

आपल्या घरातली किती तरी मुलं आज लीड्स, मँचेस्टर, शेफील्डला इंजिनिअरिंग शिकतात. काही जण अशा तपासणीच्या कामात जातीलही. ‘नाही, अजून तयारी नाही’ असं म्हणणाऱ्याला त्या कामात आजही वेळ आणि पैसा वाया घालवणारा समजतात. त्याचं म्हणणं ऐकून घेण्याइतका अधिकार त्याला आहे का, आणि तो जे लिहितो ते लोकांना वेळेत वाचायला मिळतं का, हे दोन प्रश्न घरी चहाच्या वेळी मुलांशी जरूर बोला. आणि पुढच्या वेळी मँचेस्टरची गाडी टॉडमॉर्डनला थांबली, की त्यांना सांगा हे कुणाचं गाव ते.

आजच्यापुरतं इतकंच. काळजी घ्या, भेटू पुढच्या भागात. नमस्कार.