फुगा, दोर आणि परग्रह

फुगा उडविणें सोपें. तो इच्छित स्थळीं नेणें अवघड. ही अडचण १७८३ सालीं फ्रान्समध्यें माणूस प्रथम आकाशांत गेला तेव्हांच कळून चुकली. तिच्यावरचा एक उपाय अगदींच साधा होता: फुगा वर, माणसें खालीं, आणि मध्यें दोर.

१७९४ सालीं फ्रेंच प्रजासत्ताकानें फुगेवाल्यांची लष्करी तुकडी उभारली. कूतेल हा तिचा नायक. गंधक बंदुकीच्या दारूसाठीं राखून ठेवणें भाग असल्यामुळें, लालबुंद लोखंडावरून वाफ नेऊन हायड्रोजन मिळविण्यांत आला. मोबझहून शार्लरुआकडे जावयाचें ठरलें, तेव्हां इतक्या कष्टानें भरलेला फुगा रिकामा करणें परवडणारें नव्हतें. मग शिपायांनीं दोर हातीं धरून तो तसाच रस्त्यानें चालवीत नेला! २६ जूनला फ्लरूसच्या लढाईंत कूतेल व सेनापति मोर्लो कित्येक तास अधांतरीं राहून शत्रूच्या हालचाली टिपीत होते. लढाई फुग्यानेंच जिंकली असें म्हणणें मात्र अतिशयोक्तीचें होय.

परग्रहावर असे शिपाई कोठून आणावयाचे? जून १९८५ मध्यें सोव्हिएत 'व्हेगा' यानांनीं शुक्राच्या वातावरणांत दोन फुगे सोडले. सुमारें ५४ किलोमीटर उंचीवर ते जवळजवळ दोन दिवस संदेश धाडीत राहिले. पण वारा नेईल तिकडे गेले. मंगळासाठींच्या फ्रेंच योजनेंत फुग्याखालीं लोंबता दोर होता. रात्रीं वायु थंडावून फुगा उतरला, कीं दोर जमिनीवर टेकावा आणि तेवढें ओझें हलकें व्हावें. युक्ति जुनी, एकोणिसाव्या शतकांतील इंग्रज फुगेवाला चार्ल्स ग्रीन याची. पुढें ती योजनाच सोडून देण्यांत आली.

यापुढील कल्पना म्हणजे दोराचें टोंक चालत्या यंत्रगाडीच्या स्वाधीन करणें. फुग्यानें वरून खांचखळगे पाहावे, गाडीनें वाट निवडावी. परंतु दोर दोन्ही बाजूंनीं ओढतो. वारा सुटला कीं फुगा तिरपा झुकतो. गाडीचा भार थोडा उचलला गेला तरी चाकें घसरूं लागतात. शिवाय मंगळावरील हवा पृथ्वीवरील हवेच्या मानानें सुमारें साठपट विरळ, म्हणून लहानशा कॅमेऱ्यासाठींहि अवाढव्य फुगा हवा. कूतेलच्या शिपायांना दोराचा ताण तळहातावर कळे व ते तत्क्षणीं सैल सोडीत. येथें तें यंत्रानें स्वतःच ओळखावयास हवें, कारण पृथ्वीवरून आज्ञा पोंचण्यास कित्येक मिनिटें लागतात. आजवर अशी जोडी कोणत्याहि परग्रहावर उतरलेली नाहीं.