पिंपरीतली धडक आणि मारेकऱ्याचा शब्द

हाँगकाँगचे दिग्दर्शक जॉन वू यांचा ‘द किलर’ १९८९ साली आला. भाडोत्री मारेकरी आणि त्याचा माग काढणारा इन्स्पेक्टर एकमेकांची सचोटी ओळखून मित्र होतात. मारेकरी मरतो, पोलिसांना शरण गेलेल्या टोळीप्रमुखाला इन्स्पेक्टर स्वतः गोळी घालतो. मैत्रीला जागण्यासाठी तो कायदा मोडतो आणि प्रेक्षकाला ते पटते.

त्याच वर्षी, २१ ऑक्टोबरला, पुण्याच्या विशेष न्यायालयाने सुखदेवसिंग सुखा आणि हरजिंदरसिंग जिंदा यांना फाशी सुनावली. पिंपरी-चिंचवडच्या इतिहासाची टिपणे काढताना हा खटला मला वारंवार आडवा येतो.

जनरल अरुणकुमार वैद्य मूळचे अलिबागचे, दोनदा महावीरचक्राचे मानकरी. १९८४च्या सुवर्णमंदिर कारवाईच्या वेळी ते लष्करप्रमुख होते. निवृत्तीनंतर ते पुण्यात राहिले. १० ऑगस्ट १९८६ रोजी कॅम्पात मोटार चालवत असताना मोटारसायकलवरून आलेल्यांनी त्यांना गोळ्या घातल्या. शेजारी पत्नी भानुमतीबाई होत्या.

सप्टेंबरात पिंपरीत एक मोटारसायकल ट्रकवर आदळली आणि सुखा पोलिसांच्या हाती लागला. सिनेमात शोभेल असा सामना झालाच नाही; कारखान्यांच्या गावातल्या रहदारीने माग लावून दिला. जिंदा पुढे दिल्लीत सापडला.

दोघे पैशासाठी मारणारे नव्हते. हत्या आम्ही केली, पण तो गुन्हा नव्हे, असे त्यांनी कोर्टात सांगितले. मारेकऱ्याच्या शब्दाला किंमत किती, हा सिनेमाचा प्रश्न इथे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३१३चा झाला. आरोपीचा हा जबाब शपथेवर नसतो. तरी त्यातली कबुली इतर पुराव्याबरोबर विचारात घेता येते, असे १५ जुलै १९९२च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आणि फाशी कायम केली. ९ ऑक्टोबर १९९२ रोजी येरवड्यात ती अमलात आली. खटल्यातले काही सहआरोपी मात्र निर्दोष सुटले.

मला या शेवटच्या वाक्याचे मोल अधिक वाटते. हिंदी पडद्याने ११ जानेवारी १९८२ची वडाळ्याची चकमक उचलली, कारण चकमकीत निकाल लगेच लागतो. इथे मात्र माजी लष्करप्रमुख मारला गेला असूनही सहा वर्षे साक्षी तपासल्या गेल्या, आणि ज्यांच्याविरुद्ध पुरावा पुरला नाही त्यांना सोडावे लागले. वर्दीची इभ्रत मी तरी तिथेच शोधतो.