तल्लफ आणि बोलणे

तल्लफ हा शब्द आपल्या खेड्यापाड्यांतून कोणाला नवा नाही. चहाची तल्लफ येते, तंबाखूची येते. पण दारू किंवा गर्द सोडलेल्या माणसाला जी तल्लफ येते, तिची जात वेगळी. देवापुढे शपथ घेऊन दोन महिने नीट राहिलेला माणूस एखाद्या संध्याकाळी उठतो आणि गुत्त्याची वाट धरतो. मग गाव म्हणते, “शपथ मोडली. मुळातच खोटा!” अशा माणसाला त्या संध्याकाळी बोलण्याने सावरता येते काय? या प्रश्नाचे उत्तर माणसांनी कसे शोधत आणले, त्याचा इतिहास आज थोडक्यात पाहू.

आरंभ करू अमेरिकेतील ॲक्रन या गावापासून. १९३५ सालचा मे महिना. बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा एक गृहस्थ धंद्याच्या कामासाठी तेथे आला होता. दारूने त्याची धूळधाण केली होती. पण गेले पाच महिने त्याने थेंब घेतला नव्हता. ॲक्रनमधले काम फसले. हॉटेलात एकटा उभा असता जवळच्या मद्यालयातून हसण्याबोलण्याचे आवाज आले आणि तल्लफ उसळली. त्याने एक युक्ती केली. त्याने टेलिफोन उचलला, गावातल्या पाद्र्यांना विचारत गेला आणि अशाच एखाद्या दारुड्याची गाठ घालून द्या म्हणाला. अखेर १२ मे रोजी डॉक्टर रॉबर्ट स्मिथ या शस्त्रवैद्याशी त्याची भेट झाली. डॉक्टर पंधराच मिनिटे बसणार होते. बोलणे चालले कित्येक तास!

या बोलण्यात होते काय? त्यापूर्वी विल्सनने न्यूयॉर्कमध्ये अनेक दारुड्यांना उपदेश केला होता; त्यातला एकही सुधारला नव्हता. डॉक्टरही प्रार्थनासभांना जात आणि तरीही पीत. या वेळी विल्सनने उपदेश टाळला आणि स्वतःचीच कहाणी सांगितली. डॉक्टर पुढे एकदा घसरले. पण १० जून १९३५ नंतर त्यांनी दारूला स्पर्श केला नाही. तोच दिवस ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या संघटनेचा जन्मदिन मानतात. ध्यानात घ्या, त्या दिवशी सांगणाराही वाचला आणि ऐकणाराही वाचला.

हे झाले अनुभवाचे शहाणपण. शास्त्र त्यामागून आले. सिएटल येथील मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लाट व त्यांचे सहकारी यांनी, व्यसन सोडलेली माणसे पुन्हा कशी घसरतात, याची ३११ उदाहरणे तपासून १९८० साली आपला निष्कर्ष मांडला. जवळजवळ तीन चतुर्थांश प्रसंगी कारण तीनच प्रकारचे निघाले: मनाची उदासी किंवा राग, कोणाशी तरी झालेले भांडण आणि सोबत्यांचा आग्रह. म्हणजे तल्लफ आकाशातून पडत नाही. तिची वेळ असते, जागा असते, माणसे असतात. ती आधी बोलून ओळखून ठेवता येते आणि त्या वेळी काय करायचे हेही ठरवता येते.

मार्लाट यांनी तल्लफेला लाटेची उपमा दिली. लाट चढते, माथ्यावर येते आणि ओसरते. तिच्याशी झुंजू नये, तिच्यात बुडूही नये. तोल सांभाळून ती जाऊ द्यावी. त्यांनी दुसरीही एक गोष्ट दाखवली. एक घोट घेतलेला माणूस मनाशी म्हणतो, “आता मोडलंच ना, मग पुरतंच मोडू दे!” खरा घात या विचाराने होतो. शपथ मोडल्याबद्दल गाव जेव्हा त्याला हिणवते, तेव्हा ते याच विचाराला खतपाणी घालते.

दुसरे मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर. १९८३ साली त्यांनी एक लेख लिहिला. सल्लागार जितका वाद घालतो, तितका पिणारा आपल्या पिण्याची वकिली करू लागतो, असे त्यांचे निरीक्षण होते. म्हणून त्याला विचारावे, ऐकावे आणि ‘का सोडायचे’ हे त्याच्याच तोंडून येऊ द्यावे. पुढे अमेरिकेत १,७२६ रुग्णांवर बोलण्याच्या तीन पद्धती ताडून पाहण्यात आल्या. १९९७ साली निष्कर्ष आला: तिन्ही पद्धतींतल्या रुग्णांचे पिणे पुष्कळ कमी झाले आणि पद्धतींमध्ये फारसे डावे-उजवे ठरले नाही.

आपल्या महाराष्ट्रातही याच काळात एक मोठे काम उभे राहिले. १९८० नंतर मुंबई-पुण्यात गर्दचा, म्हणजे ब्राऊन शुगरचा, विळखा पडला. अनिल अवचट यांनी त्यावर लिहिले आणि १९८६ साली डॉ. अनिता अवचट व त्यांनी मिळून पुण्यात येरवड्याला ‘मुक्तांगण’ सुरू केले. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांचे आर्थिक साहाय्य त्यांना लाभले. तेथे पस्तीस दिवसांच्या मुक्कामात औषध असतेच. पण भर असतो तो गटात बसून मन मोकळे करण्यावर. पुढचा पाठपुरावाही बोलण्यातूनच चालतो.

एक इशारा मात्र द्यायला हवा. बोलणे हे सर्व दुखण्यांवरचे औषध नव्हे. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडली, तर हातापायांना कंप सुटतो, झटके येतात, भ्रम होतो; प्रसंगी जीवही जातो. तेव्हा आधी डॉक्टरच हवा. गर्दसारख्या व्यसनात औषधे दीर्घकाळ लागू शकतात. औषध घेतो म्हणजे तो कच्चा, असे कोणी समजू नये.

आता गावातल्या गुरुजींनी काय करावे? व्यसनमुक्ती केंद्रातून परत आलेला माणूस पारावर भेटला, तर “परत पिणार नाहीस ना?” असे चारचौघांत विचारू नये. बाजूला बसवून म्हणावे, “दादा, दिवसातली कोणती वेळ जड जाते?” तो म्हणेल, “तिन्हीसांजेला, मजुरी हातात पडली की.” मग मजुरी घरच्या माणसाच्या हाती द्यायची का, येताना वाट बदलायची का, हे त्यानेच ठरवावे, आपण विचारत राहावे. आणि त्याला एवढे सांगून ठेवावे की, त्या वेळी जीव कासावीस झाला तर माझ्या घरी ये, दार उघडे आहे. घसरलास तरीही ये. विल्सनला त्या संध्याकाळी एक टेलिफोन आणि ऐकणारा एक माणूस पुरला होता; आपल्या गावात निदान दुसरी गोष्ट तरी आपल्या हातची आहे.