सीआरपी किती आला?

या वीकेंडचा विषय जरा वेगळा आहे. ना प्रोग्रॅमिंग, ना किल्ले. आज रक्ताच्या एका तपासणीचा इतिहास सांगायचाय.

आम्ही करी रोडवाले तसे नशीबवान. स्टेशनातून निघून परळकडे चालायला लागलं की केईएम, वाडिया, टाटा, हाफकिन अशी रांगच लागते. नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह १९२६ सालचं, गिरणी कामगारांच्या बायकांना बाळंतपणासाठी धड जागा मिळावी म्हणून उभं राहिलेलं. मुलांचं बाई जेरबाई वाडिया रुग्णालय १९२९ सालचं. आणि गंमत बघा, त्याच्या पुढच्याच वर्षी, १९३० साली, तिकडे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस या दोघांना न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात एक विचित्र गोष्ट दिसली. न्यूमोकॉकस जंतूपासून काढलेला 'सी' नावाचा पदार्थ आजारी माणसाच्या सीरममध्ये घातला की साका तयार व्हायचा. तोच माणूस बरा झाला की काहीच व्हायचं नाही! म्हणजे आजारपणात रक्तात काहीतरी येत होतं, आणि बरं वाटलं की जात होतं. तेच आपल्या रिपोर्टवरचं सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, उर्फ सीआरपी.

या वाक्याचा दुसरा अर्धा भाग, 'बरं वाटलं की जातं', लक्षात ठेवा. पुढे कामाला येणार आहे.

आता हे नवजात बाळांशी कुठे जुळतं? मोठ्या माणसाला जंतुसंसर्ग झाला तर ताप येतो, तो सांगतो, आपण डॉक्टरकडे जातो. दोन दिवसांचं बाळ काय सांगणार? ते दूध कमी ओढतं, मलूल पडतं, कधी कधी तापाऐवजी उलट थंडच पडतं. खात्रीचा पुरावा म्हणजे ब्लड कल्चर, रक्तातले जंतू वाढवून बघणं. पण त्याला दीड-दोन दिवस लागतात, आणि रक्त आणायचं कुठून? तीन किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून जेमतेम पाव लिटर रक्त. त्यातून मिळणार एखादा मिलिलिटर. त्यात जंतू सापडले नाहीत म्हणजे नाहीतच, असं म्हणता येत नाही.

गेल्या वर्षी माझ्या ताईचं बाळ तिसऱ्या दिवशी एनआयसीयूत होतं तेव्हा हे सगळं मला कळलं. घरातले सगळे एकच विचारत होते, "सीआरपी किती आला?" जणू बोर्डाचा निकाल. तिथल्या डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या, "दादा, एका आकड्यावर जाऊ नका. उद्याचा आकडा येऊ दे, मग बोलू." (भाचा आता घरभर रांगतोय, काळजी नसावी. :))

बाईंचं म्हणणं मी नंतर वाचून काढलं. सीआरपी तयार होतं यकृतात, आणि ते वाढायला संसर्ग सुरू झाल्यावर सहा-आठ तास तरी जातात. म्हणजे ज्या घडीला निर्णय घ्यायचा, त्याच घडीला ते नॉर्मल दिसू शकतं. उलट बाळंतपण अवघड गेलं, तर जंतू नसतानाही ते वाढतं. १९९३ साली फ्रान्समधल्या एका गटानं 'लॅन्सेट'मध्ये प्रोकॅल्सिटोनिन पुढे आणलं. ते जास्त लवकर वाढतं. वाटलं, सुटला प्रश्न! पण जन्मानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत धडधाकट बाळातही ते आपोआप चढतं आणि उतरतं. त्यामुळे बाळ किती तासांचं आहे हे बघूनच आकडा वाचावा लागतो.

आमच्या भाषेत सांगायचं तर अलार्म कुठल्या आकड्याला वाजवायचा, हा प्रश्न आहे. आकडा वर ठेवला तर आजारी बाळ सुटतं. खाली ठेवला तर चांगल्या बाळाला अँटिबायोटिक. पहिल्या चुकीची किंमत जीव. दुसरीची किंमत लगेच दिसत नाही, पण असते. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात सेप्सिस धरलेल्या बाळांपैकी निम्म्याहून कमी बाळांचं कल्चर पॉझिटिव्ह होतं, आणि सगळ्यात जास्त सापडलेल्या ॲसिनेटोबॅक्टर जंतूंपैकी ८२ टक्के अनेक औषधांना दाद न देणारे होते.

आता मुंबई सोडून गडचिरोलीला चला, कारण या इतिहासातलं सगळ्यात धीट पान तिथलं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं तिथल्या ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला. लॅब नाही, सीआरपी नाही, कल्चर तर दूरच. मग गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. रडणं क्षीण झालंय का, दूध ओढणं कमी झालंय का, हातपाय ढिले पडलेत का, बाळ हाताला थंड लागतं का... अशी काही लक्षणं, आणि त्यांतली दोन एकदम दिसली की सेप्सिस धरायचा. आई-वडिलांची संमती घेऊन घरीच जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि को-ट्रायमोक्सॅझोलचं पातळ औषध.

निकाल १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. सेप्सिस झालेल्या बाळांतलं मृत्यूचं प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आलं. तिसऱ्या वर्षी त्या गावांत हजार जन्मांमागे नवजात मृत्यू २५.५, आणि तुलनेच्या ४७ गावांत ५९.६. पुढे २०११ साली आशा कार्यकर्त्यांमार्फत नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायचं देशभरच ठरलं.

मग रक्ताच्या तपासण्या बिनकामाच्या का? मुळीच नाही. मला वाटतं, आपण त्यांना चुकीचा प्रश्न विचारतो. 'औषध सुरू करू का?' याचं उत्तर गडचिरोलीच्या बायकांनी डोळ्यांनी आणि हातांनी दिलं. 'आता थांबवू का?' याचं उत्तर मात्र डोळ्यांना देता येत नाही. तिथे १९३० सालचा तो दुसरा अर्धा भाग कामाला येतो. चोवीस तासांच्या अंतरानं घेतलेले दोन सीआरपी नॉर्मल, कल्चर निगेटिव्ह, बाळ मजेत, तर बहुधा औषध बंद करता येतं. २०१७ साली युरोप आणि कॅनडातल्या १८ रुग्णालयांनी प्रोकॅल्सिटोनिन पाहून औषध थांबवून बघितलं. अँटिबायोटिकचा काळ ६५ तासांवरून ५५ तासांवर आला. दहाच तास, म्हणाल तुम्ही. पण आईपासून लांब, सलाईन लावलेल्या बाळाचे दहा तास आहेत ते! आणि जंतूंना औषध पचवायला शिकायची संधीही तेवढीच कमी.

तेव्हा पुढच्या वेळी नात्यातलं कोणी एनआयसीयूबाहेर बसलं असेल, तर "सीआरपी किती आला?" एवढंच विचारू नका. "कालच्यापेक्षा कमी झाला का? आणि बाळ दूध कसं पितंय?" हेही विचारा.

असो. पुढच्या शनिवारी भेटूच.